भाड्याचा ताळेबंद

ओडू हे धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या डेमोत एक तक्ता हमखास येतो. डावीकडे फुकटची कम्युनिटी आवृत्ती, उजवीकडे वर्गणीची एंटरप्राइझ. मधे कामांची यादी: विक्री, खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब, पगार, दस्तऐवज, मोबाइल ॲप. डाव्या रकान्यात बरोबरच्या खुणा आणि लाल फुल्या मिसळलेल्या, उजवीकडे मात्र नुसती हिरवळ. आणि मग ठरलेलं वाक्य: ‘‘कम्युनिटी हा फक्त नमुना आहे हो. धंदा चालवायचा तर एंटरप्राइझच लागते, आणि शेवटी हिशेब केलात तर तीच स्वस्त पडते.’’

हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की ते आता माहितीसारखं वाटू लागलं आहे. तो विक्रीचा युक्तिवाद आहे आणि बराचसा चुकीचा आहे. एंटरप्राइझ घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. काहींनी ती जरूर घ्यावी, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण ज्या तक्त्यावर बोट ठेवून हा निर्णय घ्यायला लावतात, त्या तक्त्यात नेमक्या महत्त्वाच्या ओळी गाळलेल्या असतात.

आधी ‘नमुना’ या शब्दाकडे बघू. ओडू ही बेल्जियमची कंपनी. फाबियाँ पिंकार्स यांनी २००५ साली ‘टायनी ईआरपी’ या नावाने ती सुरू केली. सॅपसारख्या बलाढ्य कंपनीला टक्कर द्यायची, तीही संपूर्ण खुल्या सॉफ्टवेअरने, अशी जिद्द होती. त्या भरात पठ्ठ्याने ‘सॉरी सॅप’ या नावाचं डोमेनही विकत घेऊन ठेवलं होतं. पुढे नाव ‘ओपन ईआरपी’ झालं आणि २०१४ मध्ये ‘ओडू’. दोन आवृत्त्यांची फाळणी झाली ती २०१५ मध्ये, नवव्या आवृत्तीच्या वेळी. कम्युनिटी एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली आली आणि एंटरप्राइझला कंपनीचा स्वतःचा बंद परवाना लागला.

ही फाळणी कशी केली आहे हे समजून घेतलं की नमुन्याची गोष्ट आपोआप गळून पडते. ओडूत प्रत्येक काम म्हणजे एक स्वतंत्र मॉड्यूल. त्या मॉड्यूलच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं की हे कोणकोणत्या मॉड्यूलवर अवलंबून आहे. विक्रीचं बसवलं की त्याला लागणारी बाकीची आपोआप ओढली जातात. एंटरप्राइझ ही अशाच जादा मॉड्यूलांची एक थप्पी आहे आणि ती कम्युनिटीच्या डोक्यावर बसते. वेगळं सॉफ्टवेअर असं ते नाहीच. गोदामात माल आला, नोंद झाली, स्टॉक वाढला, त्यावरून खरेदीचं बिल तयार झालं, ही सगळी हालचाल दोन्हीकडे त्याच कोडवर होते. एंटरप्राइझचे पैसे भरणारा ग्राहकसुद्धा दिवसभर मुख्यतः कम्युनिटीच वापरत असतो. पाया नमुना आणि वरचा मजला अस्सल, हे कुठलं बांधकाम?

आता हिशेबाच्या ओळीकडे येऊ, कारण ग्राहकाला घाबरवायला तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. ‘‘कम्युनिटीत अकाउंटिंग नाही, नुसतं इन्व्हॉइसिंग आहे,’’ असं सांगितलं जातं. कम्युनिटी उघडून एक विक्रीचं बिल पोस्ट करून पाहा. बिलामागे जर्नलची नोंद असते. तिथे ग्राहकाच्या खात्यावर नावे, विक्रीच्या खात्यावर जमा, सीजीएसटी-एसजीएसटीच्या खात्यांवर जमा, अशी दुहेरी नोंद रीतसर पडलेली दिसेल. पोस्टग्रेस डेटाबेसच्या ज्या टेबलात ही नोंद जाते, त्याचं नाव आणि त्यातले नावे-जमेचे रकाने दोन्ही आवृत्त्यांत एकच आहेत. खात्यावार नावे-जमेची बेरीज मागणारी चार ओळींची क्वेरी लिहिली की तेरीज समोर येते. बऱ्याच आवृत्त्यांत तर डेव्हलपर मोड चालू करून वापरकर्त्याला एक लपवलेला हक्क दिला की खात्यांचे आणि जर्नल नोंदींचे मेनू तिथल्या तिथे दिसू लागतात.

म्हणजे तुमच्या धंद्याचा ताळेबंद कम्युनिटीतही तयार होतच असतो. एंटरप्राइझचे पैसे आहेत ते तो नीट मांडून दाखवणाऱ्या अहवालाचे. त्या अहवालावर मेहनत आहे, हे मान्य. आकड्यावर क्लिक केलं की खाली खातं उघडतं, खात्यावर क्लिक केलं की मूळ बिल उघडतं. सीए मंडळींना ते आवडतं आणि आवडावंच. पण ‘मांडणी विकतो’ असं सांगणं आणि ‘तुमच्याकडे हिशेबच नाही’ असं सांगणं यात प्रामाणिकपणाचा फरक आहे.

फुल्यांचंही असंच. तक्त्यातली लाल फुली बघून वाटतं की ही गोष्ट कम्युनिटीत कधी नव्हतीच. पगाराचं मॉड्यूल बाराव्या आवृत्तीपर्यंत कम्युनिटीत होतं. २०१९ च्या तेराव्या आवृत्तीत ते एंटरप्राइझमध्ये गेलं. बँकेच्या स्टेटमेंटची नोंदींशी जुळवणी करायचा पडदा तेराव्यात होता. पुढच्याच वर्षी तोही उजव्या रकान्यात सरकला. खूण होती, फुली झाली. कंपनीने आपल्या नव्या आवृत्तीत काय ठेवावं हा तिचा अधिकार आहे आणि जुना कोड कुणी कुणाच्या मशीनवरून पुसला नाही. पण आवळा देऊन कोहळा काढण्याची ही रीत तक्त्यात दिसत नाही. तक्ता आजच्या तारखेचा असतो. तुम्ही मात्र सॉफ्टवेअर पुढच्या दहा वर्षांसाठी निवडत असता. डाव्या रकान्यातल्या ज्या खुणेच्या भरवशावर आज धंदा उभा करायचा, ती पुढच्या आवृत्तीत तिथेच असेल का? या प्रश्नाला तक्त्यात रकाना नाही.

गंमत अशी की याचं उत्तर परवान्यात आहे आणि ते कम्युनिटीच्या बाजूचं आहे. कोड खुला असल्यामुळे जे काढलं गेलं ते लोकांनी पुन्हा उभं केलं. ओडू कम्युनिटी असोसिएशन, म्हणजे ओसीए, ही ना-नफा संस्था यासाठीच काम करते. आर्थिक अहवाल, बँक जुळवणी, पगार, सगळ्यासाठी तिथे मॉड्यूल आहेत. एका आवृत्तीवरून दुसरीवर डेटा नेण्यासाठी ‘ओपनअपग्रेड’ आहे. डेमोतल्या तक्त्यात ओसीएचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. तिसरा रकाना काढला तर पहिल्या रकान्यातल्या अर्ध्या फुल्या खोडाव्या लागतील, हे काढणाऱ्याला ठाऊक असतं.

‘‘शेवटी एंटरप्राइझच स्वस्त पडते,’’ हा दावा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्यात निम्मं सत्य आहे. मांडणी अशी असते: कम्युनिटीला सर्व्हर तुमचा, बॅकअप तुमचा, डेव्हलपर तुमचा, दर एक-दोन वर्षांनी अपग्रेडचा खर्च तुमचा; एंटरप्राइझच्या वर्गणीत अपग्रेड आणि दोष-दुरुस्ती आलीच. ओडूची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि कंपनी शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांना आधार देते, त्यामुळे अपग्रेड टाळून कायमचं भागत नाही. इथवर सगळं खरं.

पण हा हिशेब जसंच्या तसं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचा आहे, आणि तसा ग्राहक फार विरळा. आपल्याकडच्या कारखानदाराला जॉबवर्कचं चलन त्याच्या पद्धतीचं लागतं, बिलावर वाहनाचा नंबर आणि मोठ्या ग्राहकाचा व्हेंडर कोड त्याच जागी लागतो, भंगाराचा हिशेब वेगळा लागतो. म्हणजे कस्टमायझेशन आलं आणि दोन-पाच बाहेरची मॉड्यूल आली. आणि अपग्रेडचा खरा खर्च तिथेच बसतो. सतराव्या आवृत्तीत पडद्यावरची चौकट कधी दिसावी, कधी लपावी, हे सांगण्याची जुनी पद्धतच काढून टाकली. ती वापरणारी प्रत्येक फाइल पुन्हा लिहावी लागली. अठराव्या आवृत्तीत यादीच्या पडद्याच्या टॅगचं नाव बदललं. ही कामं तुमच्या खास मॉड्यूलांत कोण करणार? वर्गणीतल्या अपग्रेडमध्ये ओडूची प्रमाणित मॉड्यूलं येतात. तुमच्यासाठी लिहिलेला जादा कोड सांभाळायचा तर कंपनीचा त्यासाठी वेगळा दर आहे, कोडच्या दर शंभर ओळींमागे दरमहा; नाहीतर ओडू बसवून देणारा पार्टनर आहेच आणि त्याचं वेगळं बिल. डेव्हलपरचा खर्च कम्युनिटीच्या बाजूला मांडायचा आणि एंटरप्राइझच्या बाजूला तोच गाळायचा, याला तुलना म्हणत नाहीत.

शिवाय वर्गणी माणशी आहे. बाहेरचे ग्राहक आणि पुरवठादार पोर्टलवर येऊन आपली बिलं बघतात, ते यात मोजले जात नाहीत, ही चांगली गोष्ट. पण आतला प्रत्येक वापरकर्ता मोजला जातो. याचा परिणाम मी एका छोट्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये पाहिला: मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर ‘स्टोअर१’ आणि खाली पासवर्ड. पाळी बदलली तरी लॉगिन तेच. आवक कुणी चढवली, चुकीचे नग कुणी वजा केले, नोंदीवर सगळीकडे नाव एकच, ‘स्टोअर१’. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं आणि तो बंद न करता येणं सक्तीचं झालं आहे. माग ठेवणारं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं आणि दरडोई दरापायी तिघांनी एका नावाने काम करायचं, म्हणजे तो माग नावापुरताच उरतो. यात मालकाची कंजुषी आहे हे खरं, पण दर आकारण्याच्या पद्धतीने तिला आमंत्रण दिलेलं आहे. कम्युनिटीत चाळीस जणांना चाळीस लॉगिन द्यायला वर्गणी एका रुपयाने वाढत नाही. ही ओळसुद्धा तक्त्यात नसते.

आणि सगळ्यात मोठी गाळलेली ओळ म्हणजे पैसे भरायचे थांबवले तर काय होतं. धंद्यात वाईट वर्ष येतं. मोठा ग्राहक सहा महिने पैसे अडकवतो. एंटरप्राइझची मुदत संपत आली की पडद्यावर सूचना येऊ लागते. मुदत उलटली की डेटाबेसची मुदत संपल्याचा संदेश येऊन पडदा अडतो आणि काम थांबतं. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर असलं तरी. डेटा पोस्टग्रेसमध्ये सुखरूप असतो, पण आत जायचं दार बंद. मग कुणी म्हणेल, तात्पुरतं कम्युनिटीवर या. कम्युनिटीतून एंटरप्राइझमध्ये जायचा मार्ग ओडूच्या अधिकृत मार्गदर्शिकेत पायरी-पायरीने दिलेला आहे. उलट्या दिशेचा मार्ग कंपनी देत नाही. एंटरप्राइझच्या मॉड्यूलांनी डेटाबेसमध्ये आपली टेबलं आणि पडदे पेरलेले असतात. ती मॉड्यूलं काढून नेली की कम्युनिटी तो डेटाबेस सरळ उघडत नाही. ओडूच्या स्वतःच्या ऑनलाइन सेवेवर असाल तर आणखी एक अडचण: तिथे दोन मोठ्या आवृत्त्यांच्या मधल्या आवृत्त्याही चालतात, आणि स्वतःच्या सर्व्हरवर यायचं तर आधी पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जावं लागतं. बाहेरच्या प्रोग्रामने तुमचा डेटा वाचण्याची सोय, म्हणजे एपीआय, ती तर सर्वांत वरच्या किमतीच्या योजनेतच मिळते.

ओडूचा हा मार्ग बेकायदा नाही, लपवलेलाही नाही. करारात सगळं लिहिलेलं आहे. पण करार वाचून दाखवणारा डेमो मी पाहिलेला नाही.

‘‘पैसे भरले की जबाबदारी कंपनीची,’’ हेही याच कुळातलं विधान. सॉफ्टवेअरच्या प्रमाणित भागात दोष निघाला तर कंपनी दुरुस्त करते, आणि चांगली करते. पण ‘स्टॉक जुळत नाही’ या तक्रारींमागे सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच असतो. आवक दुसऱ्या दिवशी चढवणं, युनिट किलोऐवजी नग टाकणं, परत आलेला माल कुठे दाखवायचा हेच न ठरवणं, ही कारणं असतात. ते काम पार्टनरचं किंवा तुमच्याच माणसाचं. कुठलीही वर्गणी ते करून देत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांचा युक्तिवाद माझ्या नावावर खपवला जायला नको. ‘‘खुलं आहे ना, मग पैसे कशाला?’’ म्हणणारे हे लोक. टेबलाखालच्या जुन्या मशीनवर कम्युनिटी बसवायची, बॅकअप त्याच हार्ड डिस्कवर घ्यायचा आणि पाच वर्षं आवृत्ती बदलायची नाही, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. ओसीएची मॉड्यूलं लोक आपल्या वेळेतून लिहितात. नवी आवृत्ती आली की सगळी त्याच दिवशी तयार होत नाहीत, ओपनअपग्रेडही नाही. साठ कामगारांचा पगार, पीएफ, ईएसआयसी, व्यवसाय कर यांचा हिशेब जर सॉफ्टवेअरमध्येच करायचा असेल आणि कंपनीत पायथॉन समजणारं कुणी नसेल, तर एंटरप्राइझ घ्या. जीएसटी विवरणपत्रांचे तयार अहवालही तिथेच आहेत. जिथे कस्टमायझेशन जवळजवळ शून्य आहे, वापरकर्ते पाच-सात आहेत आणि मालकाला तांत्रिक कटकट नको आहे, तिथे एंटरप्राइझ खरोखर स्वस्त पडते. हे पैसे सेवेचे आहेत आणि सेवेला पैसे मोजावेत.

वाद आहे तो पैसे कशाच्या जोरावर वसूल होतात याचा. यावर ठरलेलं उत्तर असं की काही मॉड्यूल कुलुपात ठेवल्याशिवाय अशी कंपनी जगूच शकत नाही. ओडूपुरतं हे लागू पडलं असेल. २०२४ च्या नोव्हेंबरात तिचं मूल्यांकन पाच अब्ज युरो झालं. पण नियम म्हणून ते खोटं आहे, आणि त्याचा पुरावा मुंबईत आहे. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी जे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. परवाना जीपीएल ३. आवृत्ती एकच, फुकटवाल्यांची वेगळी आणि पैसेवाल्यांची वेगळी असं नाही. ताळेबंद, बँक जुळवणी, उत्पादन, सगळं त्यातच. त्यांची कंपनी फ्रॅपे पैसे घेते ते होस्टिंगचे आणि आधाराचे. झेरोधासारखी कंपनी ते वापरते आणि तिने फ्रॅपेत गुंतवणूकही केली आहे. चौदाव्या आवृत्तीत मनुष्यबळ आणि पगाराचा भाग ईआरपीनेक्स्टमधून वेगळा काढून स्वतंत्र ॲप केला, तोही खुल्याच परवान्याखाली. मॉड्यूल हलवणं आणि मॉड्यूल कुलुपात घालणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट काय दाखवणार?

जीएसटीचं उदाहरण अधिक बोलकं आहे. ईआरपीनेक्स्टसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ नावाचं ॲप आहे, तेही खुलं. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस करावं लागतं. त्यासाठी सरकारी यंत्रणेशी जोडणी लागते आणि त्या जोडणीच्या वापराचे पैसे पडतात. जेवढी बिलं पाठवाल तेवढे. उद्या पैसे संपले तर ई-इनव्हॉइस पोर्टलवर हाताने करायला लागेल, त्रास होईल, पण स्टॉकचा पडदा उघडेल, खतावणी उघडेल, मालाचं चलन निघेल.

ईआरपीनेक्स्टची बाजू घेऊन मी ओडूवाल्यांना पळवून लावत नाही. ओडूचे पडदे अधिक सफाईदार आहेत, मॉड्यूलांची संख्या फार मोठी आहे, गांधीनगरच्या कार्यालयामुळे आणि गावोगावच्या पार्टनरमुळे माणूस लवकर मिळतो. ज्याला ते हवं त्याने ते घ्यावं. मुद्दा एवढाच की ‘दुसरा मार्गच नाही’ म्हणणाऱ्याने दुसरा मार्ग पाहिलेला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं आहे.

माझा कौल असा: वर सांगितलेले अपवाद सोडले तर साध्या व्यापारी धंद्याने कम्युनिटी आणि ओसीएपासून सुरुवात करावी, पैसे जाणकार माणसावर आणि बॅकअपवर खर्च करावेत, आणि एंटरप्राइझकडे तेव्हाच जावं जेव्हा तिथल्या एका ठरावीक मॉड्यूलचं नाव घेऊन सांगता येईल की हे नसल्यामुळे आपलं इतकं नुकसान होतं. आणि तक्ता घेऊन येणाऱ्या पार्टनरकडून सही करण्यापूर्वी एका प्रश्नाचं उत्तर लेटरहेडवर मागावं: वर्गणीची मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गोदामातून चलन निघेल का? उत्तर लेखी मिळेपर्यंत सही करू नका.